एकापासून सहापर्यंत, सहापासून एकापर्यंत

बदलापूरच्या शिरगावातून घाऊक खरेदीसाठी मुंबईस जाणाऱ्या व्यापाऱ्याचा मार्ग ठरलेला असतो. सकाळची लोकल धरावी, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी मागे टाकून कल्याणला मुख्य मार्गास लागावे आणि ठाकुर्लीनंतर डोंबिवली यावी. डोंबिवलीस डब्यात शिरणारी गर्दी अशी असते की, त्या स्थानकाविषयी अन्य काही विचार मनात येण्यास अवसरच उरत नाही. तथापि गणिताच्या कोशांत या स्थानकावरून पडलेली एक संज्ञा आढळते. ती संज्ञा म्हणजे ‘डेम्लो संख्या’. ‘डेम्लो’ हा शब्द डोंबिवली या नावावरूनच घडविलेला आहे. तो घडविणारे गृहस्थ होते देवळालीच्या शाळेतील एक शिक्षक, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना याच स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी त्यांना हे नाव दिले.

या डेम्लो संख्यांपैकी एक संख्या जैन घरांतील वाचकांस अधिक जवळची वाटावी अशी आहे. ती अशी: १२३४५६५४३२१. एकापासून चढत सहापर्यंत जावे आणि तशाच पायऱ्यांनी पुन्हा एकापर्यंत उतरावे. आजच्या व्यापारी वाचनाप्रमाणे ही रक्कम १,२३४ कोटी ५६ लाख ५४ हजार ३२१ होते. जुन्या मराठी मोजणीप्रमाणे तिला एक खर्व, दोन अब्ज, चौतीस कोटी, छप्पन्न लक्ष, चोपन्न हजार, तीनशे एकवीस म्हणावे लागेल. कापरेकरांच्या जन्मापूर्वी हजारांहून अधिक वर्षे आधी हीच संख्या, एकापासून सहापर्यंत वाढणारी व मग क्रमाने उतरणारी अशा वर्णनासह, एका जैन गणितज्ञाने आपल्या ग्रंथात नोंदविली होती. त्यांचे नाव महावीराचार्य आणि ग्रंथाचे नाव ‘गणितसारसंग्रह’.

महावीराचार्यांचा काळ इसवी सनाचे नववे शतक. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याची कारकीर्द साधारण ८१४ ते ८७८ अशी मानतात. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. ग्रंथाच्या आरंभी आचार्यांनी या राजाची स्तुती केली आहे. त्या वेळी उत्तर कोकणावर शिलाहार घराण्याचे राज्य होते आणि शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत शिलाहार कपर्दी राजाच्या नावासह अमोघवर्षाचा अधिपती म्हणून उल्लेख आहे. अंबरनाथचे सुप्रसिद्ध शिवमंदिरही याच शिलाहारांच्या काळातले, मात्र ते दोन शतकांनंतरचे, इसवी सन १०६० चे. म्हणजे ज्या काळी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला गेला, त्या काळी आजच्या अंबरनाथ-बदलापूरचा हा प्रदेश त्याच सम्राटाच्या छत्राखाली होता. ग्रंथ दूर कुठे परमुलखात जन्मला, असे मानण्याचे कारण नाही.

हा ग्रंथ विद्वानांच्या वादविवादासाठी नसून शिकणाऱ्यासाठी आहे. त्यात अकराशेहून अधिक श्लोक आहेत. आरंभी परिभाषा येते, मग गुणाकार-भागाकारादी परिकर्मे, अपूर्णांक, त्रैराशिक, मिश्रक, क्षेत्रगणित, खोदकामाचे गणित आणि शेवटी छायेचे गणित. मिश्रक प्रकरणात व्याजाची उदाहरणे आहेत, भागीदारांत भांडवलाच्या प्रमाणात नफा वाटण्याची आहेत, निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र वितळविल्यावर कोणता कस येईल याचीही आहेत. आजही पेढीवर ज्या तीन गोष्टींवरून हिशेब अडतो, त्या तिन्हींचा विचार त्यात आहे. पहिल्याच प्रकरणात गणिताचा उपयोग कुठे कुठे होतो याची मोठी यादी दिली आहे. तीत अर्थशास्त्र आहे, वैद्यक, वास्तुविद्या व छंदशास्त्र आहे, संगीत आणि नाट्य आहे, आणि पाकशास्त्रसुद्धा आहे. स्वयंपाकघरास गणिताच्या यादीत मानाचे स्थान देणारा हा ग्रंथकार घरगुती वाचकांस परका वाटू नये.

मोठ्या संख्यांचे भय या परंपरेला कधीच नव्हते. महावीराचार्यांनी एकं, दश, शतपासून आरंभ करून महाक्षोभापर्यंत २४ स्थानांची नावे दिली आहेत. त्यांच्या मोजणीत अकरावे स्थान ‘अर्बुद’ होय, आणि प्रस्तुत संख्या अकरा अंकी असल्यामुळे तिचा पहिला एकांक अर्बुदस्थानी बसतो. त्याहून कितीतरी आधीच्या ‘अनुयोगद्वार’ सूत्रात मनुष्यांची संख्या सांगताना, जिला ९६ वेळा दोनाने भाग जातो अशा संख्येचा उल्लेख येतो. ती लिहावयास २९ अंक लागतात. शीर्षप्रहेलिका नावाचे कालमान तर ८४ लक्षांना ८४ लक्षांनी गुणत जावे, असे २८ वेळा ८४ लक्ष मांडले म्हणजे येते, आणि त्याला १९४ अंक लागतात. या परंपरेत वाढलेल्या गणितज्ञास अकरा अंक म्हणजे अंगणातला खेळ होता. तरीही त्या खेळात त्यांनी जे दाखविले, ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे.

गुणाकाराच्या उदाहरणांत २७९९४६८१ या संख्येस ४४१ ने गुणावे असे येते. कागद घेऊन गुणाकार करावा. प्रथम ४०० ने गुणता ११,१९,७८,७२,४०० येतात. मग ४१ ने गुणता १,१४,७७,८१,९२१ येतात. दोहोंची बेरीज १२,३४,५६,५४,३२१. ज्या दोन संख्यांत काही शिस्त दिसत नव्हती, त्यांच्या मिलनातून एकापासून सहापर्यंत चढणारी व उतरणारी माळ प्रकट झाली. अशी आणखी उदाहरणेही ग्रंथात आहेत. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एकांची रांग उभी राहते. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १००००००००१, म्हणजे दोन टोकांना एकेक मणी आणि मध्ये शून्यांचा धागा. ३३३३३३६६६६६७ ला ३३ ने गुणले की ११००००११००००११. डावीकडून वाचा वा उजवीकडून, या संख्या एकच राहतात. अशा उत्तरांना आचार्यांनी कंठिकेची, राजांच्या गळ्यातील कंठ्याची उपमा दिली आहे.

ही केवळ मौज आहे काय? शिष्याच्या बाजूने पाहिले तर तिचा हेतू ध्यानी येतो. नेहमीच्या गुणाकारात उत्तर बरोबर आले की नाही हे गुरूला विचारावे लागते. येथे ते लागत नाही. एखादा हातचा विसरला, एखादी ओळ एक घर सरकली, एखाद्या पाढ्यात चूक झाली, तर माळ तुटते आणि शिष्याला स्वतःलाच कळते. ती जुळेपर्यंत तो पुन्हा मांडणी करतो. उत्तर स्वतःच आपल्या खरेपणाची साक्ष देते. हिशेब दुसऱ्याने तपासण्यापूर्वी आपणच तपासावा, ही सवय लावण्याचा याहून गोड उपाय सापडणे कठीण.

आता ही माळ तयार कशी होते ते पाहू गेल्यास गोष्ट शिशुवर्गातील बेरजेइतकी सोपी निघते. १२३४५६५४३२१ हा १११११११ चा नव्हे, तर सहा एकांचा, म्हणजे ११११११ चा वर्ग आहे. ११११११ ला ११११११ ने शाळेतल्या रीतीने गुणावे. प्रत्येक ओळीत तेच सहा एक येतात आणि प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. सहा ओळी मांडून झाल्या की उभ्या घरांची बेरीज करावी. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करीत सहाव्या घरात सहा. तेथून पुढे ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून पाच, चार, तीन, दोन, एक. कोठेही हातचा येत नाही. माळेच्या सौंदर्याचे सारे रहस्य या एका गोष्टीत आहे.

मांडणीत एकूण किती एक आहेत? सहा ओळी, प्रत्येकीत सहा, म्हणजे ३६. हातचा कोठेच न आल्यामुळे एकही एक हरवत नाही किंवा दुसऱ्या रूपात बदलत नाही. म्हणून उत्तरातील अंकांची बेरीज केली तरी १+२+३+४+५+६+५+४+३+२+१ = ३६ च भरते. जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे तर, जेवढे आत आले तेवढेच बाहेर दिसते. याच कारणाने आणखी एक गंमत साधते. ६६६६६६ चा वर्ग करून त्याला या ३६ ने भागावे. उत्तर पुन्हा १२३४५६५४३२१ येते. ६६६६६६ हे ११११११ च्या सहापट आहे आणि सहाचा वर्ग ३६ आहे, एवढेच त्यामागचे कारण.

हातच्याचे महत्त्व पाहायचे असल्यास एक वाढवत जावेत. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. माळ पूर्ण होते. दहा एकांचा वर्ग करताना मात्र मधल्या घरात दहा जमतात. तेथे शून्य मांडून एक हातचा घ्यावा लागतो, तो पुढच्या नऊमध्ये मिळून पुन्हा दहा होतात, पुन्हा शून्य व पुन्हा हातचा, आणि तो आठात मिळून नऊ होतात. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला आणि शिखराच्या जागी दोन शून्ये आली. एका हातच्याने सारी ओळख पालटली. नियम कोठवर चालतो आणि कोठे थांबतो, हे सांगितल्याशिवाय त्याचे ज्ञान पुरे होत नाही.

पुढचा प्रश्न असा: आचार्यांच्या त्या दोन ओबडधोबड संख्यांत ही माळ कशी दडली होती? ११११११ चे अवयव पाडले की उलगडा होतो. ११११११ म्हणजे १११ गुणिले १००१. यांपैकी १११ म्हणजे ३ गुणिले ३७ आणि १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. तेव्हा ११११११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७. यांतील ३ आणि ७ बाजूला घेतले तर २१ होतात आणि उरलेल्यांचा गुणाकार ५२९१ होतो. २१ चा वर्ग ४४१. ५२९१ चा वर्ग २७९९४६८१. म्हणजे उदाहरणातील दोन्ही संख्या पूर्ण वर्ग आहेत. पाच मण्यांच्या माळेतले दोन मणी एका मुठीत आणि तीन दुसऱ्या मुठीत घ्यावेत, आणि मुठी उघडताच माळ पुन्हा गुंफली जावी, असा हा प्रकार आहे.

अवयवांवरून आणखी एक गोष्ट निघते. या संख्येला नि:शेष भागणाऱ्या संख्या किती? ३, ७, ११, १३ व ३७ हे पाचही अवयव तिच्यात दोन-दोन वेळा आहेत. विभाजक बनविताना प्रत्येक अवयव घ्यावाच नये, एकदा घ्यावा वा दोनदा घ्यावा, असे तीन मार्ग. पाच अवयवांचे मिळून ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३ विभाजक. विभाजक नेहमी जोडीने येतात, कारण एकाने भागले की भागाकारही विभाजक असतो. मग २४३ ही विषम संख्या कशी? ११११११ चा जोडीदार तो स्वतःच असल्यामुळे. बाकीच्या १२१ जोड्या आणि मध्ये एकटा ११११११. गंमत अशी की, १२१ हीसुद्धा याच माळेतली धाकटी बहीण आहे. ११ चा वर्ग.

यातील १००१ चा अवयव घरातील मुलांना हटकून आवडेल. मुलाने मनात कोणतीही तीन अंकी संख्या धरावी, समजा ५२८, आणि ती दोनदा लागोपाठ लिहावी: ५२८५२८. तिला ७ ने भागावे, आलेल्या उत्तरास ११ ने आणि त्या उत्तरास १३ ने. तिन्ही वेळा बाकी शून्य राहते आणि शेवटी धरलेली संख्या परत हाती येते. कारण दोनदा लिहिणे म्हणजेच १००१ ने गुणणे.

गणिताचा हा खेळ पेढीच्या कामासही येतो. अंकांच्या बेरजेवरून नवाने भाग जातो की नाही हे कळते. ३६ ला नवाने भाग जातो म्हणून १२३४५६५४३२१ लाही जातो. याच गुणाचा एक उपयोग जुन्या हिशेबनिसांना ठाऊक असतो. समजा, वर्षअखेरीस तेरीज मांडली आणि दोन बाजूंत २७० रुपयांचा फरक आला. २७० ला नवाने भाग जातो. अशा वेळी खतावणीत एखाद्या रकमेतील शेजारचे दोन अंक उलटे पडले आहेत काय, हे प्रथम पाहावे. ५,७४२ च्या जागी ५,४७२ लिहिले गेले की नेमका २७० चा फरक पडतो. शेजारचे दोन अंक कोठेही उलटे झाले तरी फरकाला नवाने भाग जातोच. मात्र नवाने भाग जाणारा प्रत्येक फरक अशाच चुकीमुळे आला असेल, असे नाही. आधी कोठे पाहावे एवढेच ही कसोटी सांगते. चूक शोधण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

संगणकावर हिशेब होऊ लागल्यापासून ही नजर दुकानांतून कमी होत चालली आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असणारी पिढी बिलाकडे एकदा पाहून चूक ओळखत असे. यंत्र बेरीज चुकत नाही हे खरे; परंतु चुकीचा आकडा बोटाने दाबला गेला, तर यंत्र त्या चुकीचीही अचूक बेरीज करते. आकडा पाहताच हा असा असू शकत नाही, असे मनात चमकले पाहिजे. ही चमक केवळ परीक्षेच्या धाकाने येत नाही. अंकांशी कधी तरी खेळलेल्या माणसाच्या ठिकाणीच ती असते.

अंकांशी आयुष्यभर खेळलेला माणूस कसा असतो, हे कापरेकरांच्या चरित्रात दिसते. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलास तेथूनच लागली. माध्यमिक शिक्षण ठाण्यास आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. त्यापुढील पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळेत शिकवीत राहिले. डेम्लो संख्यांचे अनेक प्रकार त्यांनी पाहिले. त्यांतील १, १२१, १२३२१ या माळेस त्यांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ असे म्हटले व १९३८ मध्ये तीवर लेख प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी प्राध्यापक गुंजीकर यांच्यासह त्यांनी या संख्यांची उपपत्तीही मांडली.

१९४६ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर तीच क्रिया करीत राहावे. फार तर सात वेळांत ६१७४ येते व तेथेच स्थिर होते. त्यांच्या नावाने ‘कापरेकर संख्या’ नावाचा आणखी एक वर्ग आहे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून मिळविले की पुन्हा १४२८५७. महावीराचार्यांच्या सातपटीच्या कंठ्यातील १४२८५७१४३ च्या आरंभी हेच सहा अंक आहेत, आणि दोन्हीकडे ते सातामुळेच आले आहेत.

या कामाचे त्यांना काय मिळाले? बहुतेक काळ उपेक्षाच. मोठ्या पदव्यांचे अनेक गणितज्ञ या शोधांस मुलांचा खेळ समजत. कापरेकरांनी आपल्या पुस्तिका छापल्या, परिषदांना ते जात राहिले, जेथे बोलावतील तेथे मुलांना संख्यांच्या गोष्टी सांगत राहिले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून त्यांनी गणित व शास्त्र यांच्या शिकवण्या केल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले. लाभाचा हिशेब मांडू गेल्यास या माणसाच्या जमेच्या बाजूस फारसे काही दिसणार नाही. पण त्यांची स्वतःची कीर्द निराळी होती आणि तीत त्यांना तूट कधी आढळली नाही. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणत.

महावीराचार्यांच्या ग्रंथाच्या वाट्यासही विस्मृती आली. दक्षिणेत तो काही शतके चांगला प्रचारात होता. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लनाने त्याचे तेलुगू रूपांतर केले. पुढे तो हस्तलिखितांतच राहिला. १९१२ मध्ये मद्रासहून एम. रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह तो छापला, तेव्हा आधुनिक जगास त्याची ओळख झाली. महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष गोष्ट ही की, १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेतून प्राध्यापक लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह हा ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यापारी घराण्यातील ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या द्रव्यावर ही ग्रंथमाला उभी राहिली. पेढीवर मिळविलेला पैसा गणिताच्या ग्रंथाकडे परत गेला, असे म्हणता येईल.

आदर ठेवूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. एखाद्या संख्येस शून्याने भागले असता ती तशीच राहते, असे आचार्यांनी लिहिले आहे. ते बरोबर नाही. तीन शतकांनंतर भास्कराचार्यांनी अशा राशीस ‘खहर’ हे वेगळे नाव देऊन ती साधी संख्या नव्हे हे ओळखले, आणि आजचे गणित शून्याने भागण्याची क्रियाच अर्थहीन मानते. याच ग्रंथात, ऋण संख्येस वर्गमूळ नसते हे मात्र आचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे, कारण ऋण संख्या ही कशाचाही वर्ग असू शकत नाही. एक विधान चुकले म्हणून दुसऱ्याचे मोल कमी होत नाही, आणि दुसरे थोर आहे म्हणून पहिले झाकण्याचेही कारण नाही. ज्याने शिष्यास स्वतःचे उत्तर स्वतः तपासण्यास शिकविले, त्याचा ग्रंथही तपासूनच वाचावा. तसे वाचणे हाच त्याचा खरा मान होय.

देवळालीच्या शिक्षकाने आणि मान्यखेटच्या सम्राटाचा गौरव करणाऱ्या आचार्याने एकच माळ पाहिली. दोघांत हजारांहून अधिक वर्षांचे अंतर, भाषा निराळी, काळ निराळा. सहा एक एकाखाली एक सरकवून मांडले की बेरीज तीच येते. तिला राजा बदलल्याने वा शतक लोटल्याने बाध येत नाही. शिरगावातील एखाद्या मुलीने दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसून रद्दीच्या कागदावर ती मांडली, तरी ती तशीच येईल.

घरातील मुलांसाठी आचार्यांच्याच ग्रंथातील एक उदाहरण: १५२२०७ ला ७३ ने गुणावे. यंत्र वापरू नये. उत्तर पुढील अंकात दिले जाणार नाही, कारण त्याची गरज पडणार नाही. माळ जुळली की ते बरोबर आहे, आणि जुळली नाही तर हातचा कोठे राहिला ते पुन्हा पाहावे.